उघडे पाप आणि द्राक्षमळा

यशयाच्या तिसऱ्या अध्यायातील नववे वचन उपदेशपीठावरून बहुधा वेशभूषा व तरुणांचे वर्तन यांच्या निषेधार्थ वापरले जाते. यरुशलेमेचे लोक सदोमाप्रमाणे आपले पाप लपवीत नाहीत, असा तेथे आरोप आहे. आणि सदोमाचे नाव निघाले की उपदेशकाची वाट ठरूनच जाते. संदेष्ट्याचा रोख निराळा होता.

या लोकांविरुद्ध साक्ष देते ती ‘हक्कारत पनेहेम’. हिचा अर्थ ‘मुद्रा’ असा करतात. परंतु ‘तोंड ओळखणे’ हाच इब्री प्रयोग अनुवाद १:१७ व १६:१९ येथे न्यायाधीशाच्या पक्षपाताविषयी आला आहे; आपणही तोंड पाहून न्याय करणे म्हणतो. दोन्ही अर्थ संभवतात. प्रस्तुत लेखकाला दुसरा अधिक सयुक्तिक वाटतो, कारण चौदाव्या वचनात वडील व सरदार आरोपी म्हणून उभे आहेत: द्राक्षमळा त्यांनी खाऊन टाकला आहे आणि गरिबांची लूट त्यांच्याच घरांत आहे. स्त्रियांच्या अलंकारांची यादी त्यानंतर येते, हे सहसा सांगितले जात नाही.

उज्जीयाच्या दीर्घ कारकिर्दीत यहूदात संपत्ती आली होती. आहाज विसाव्या वर्षी गादीवर आला; पोरांच्या राज्याविषयीचे उद्गार त्याच्याच काळातले असावेत, असे पुष्कळ भाष्यकार मानतात.

शिक्षा म्हणून मात्र सदोमाचा अग्नी येत नाही. भाकरीचा व पाण्याचा आधार तुटतो. वीर, न्यायाधीश, पन्नासांचा नायक, कुशल कारागीर नाहीसे होतात. ज्याच्यापाशी एक झगा आहे त्याला धरून लोक म्हणतात, तू आमचा अधिपती हो. आणि तोही नाकारतो.

इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली, पण यरुशलेम वाचले. नबुखद्नेस्सराने ते इ. स. पू. ५९७ च्या मार्च महिन्यात घेतले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या बाबेली बखरीत या घटनेची तिथीही आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाप्रमाणे (२४:१६) तेव्हा ७,००० योद्धे आणि १,००० कारागीर व लोहार बाबेलास नेण्यात आले. यशयाची यादी व ही नोंद शेजारी ठेवून वाचावी. अर्थात मध्ये शतकाहून अधिक काळ गेला आहे. संदेष्ट्याने ही तारीख आधीच सांगितली होती, असे म्हणणे त्याच्या शब्दांवर ओझे लादणे होय.

सुमारे दहा वर्षांनी नगर जळाले. त्या वेळी गारद्यांचा नायक नबूजरदान याने, ज्यांच्यापाशी काहीच नव्हते अशा कंगालांना देशात मागे ठेवले आणि त्यांना शेते व द्राक्षमळे दिले. हे यिर्मया ३९:१० मध्ये नमूद आहे.