खोटे भूत, खरे भूत

माझे मामा अमरावतीला एका चित्रपट-वितरकाच्या कचेरीत कारकून होते. 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, 1960 साली महाराष्ट्रात आले. पण सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख 'सी. पी. बेरार'च राहिला. त्या नावाचा प्रांत 1950 सालीच नकाशावरून पुसला गेला होता. मेलेल्या प्रांताचे नाव लावून रिळांच्या पेट्या बडनेऱ्याहून अकोल्याकडे जात. भुतांचा विषय निघाला म्हणून हे आठवले, इतकेच.

1962 साली मामांनी आजीला 'बीस साल बाद' दाखवला. पडीक वाडा, दलदल, रात्री कानी येणारे गाणे. आजी पदर तोंडात धरून बसली होती. शेवटी खुनी माणूसच निघाला, तेव्हा ती बाहेर येऊन रागावली : "काहून रे, राती बारा वाजेलोक बसोलं, अन् भूत खोटंच निंगालं?"

ही तक्रार मी पुष्कळ वर्षे विनोद म्हणून सांगत आलो. पुढे ध्यानात आले, की हिंदी भयपटाचा अर्धा इतिहास आजीने त्या एका वाक्यात सांगून टाकला होता. कमाल अमरोहींचा 'महल' 1949 सालचा, बॉम्बे टॉकीजचा. जोसेफ विर्शिंग ह्या जर्मन छायालेखकाने अंधारालाच पात्र केले. मधुबाला झोक्यावर दिसते आणि नाहीशी होते. पण ती माळ्याची मुलगी निघते. 1964 सालच्या 'वह कौन थी?'मध्ये पावसातली पांढऱ्या साडीतली बाई हा वारसासाठी रचलेला डाव निघतो. 'बीस साल बाद'चे मूळ तर शेरलॉक होम्सच्या शिकारी कुत्र्याच्या कथेत, आणि तिच्याही आधी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात अ‍ॅन रॅडक्लिफबाई शेवटच्या प्रकरणात सगळ्या भुतांचा उलगडा करून टाकीत. मला वाटते, शिकलेल्या प्रेक्षकाला भ्यायचे असते, पण भ्यालो हे कबूल करायचे नसते. उलगडा झाला की त्याची अब्रू वाचते. आजीला ती अडचण नव्हती.

आजीची तक्रार दूर केली ती रामसे बंधूंनी. वडिलांचे रेडिओचे दुकान, भाऊ सात. एकाने लिहायचे, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने ध्वनी, एकाने संकलन सांभाळायचे; तुलसी आणि श्याम दिग्दर्शक. 1972 सालचा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरी मुक्काम ठोकून सुमारे चाळीस दिवसांत उरकला. स्टुडिओचे भाडे नाही, मोठा नट नाही. एकाकी बंगला हा भयपटाचा नियम झाला, त्यात भुताइतकाच भाड्याचा हिशेब आहे. धूर सोडला की भिंतीचे पोपडे दिसत नाहीत. निळा-तांबडा दिवा लावला की साधे झाडही अंगावर येते. दार कुरकुरायचे, मग शांतता, मग मांजर, आणि प्रेक्षकाने श्वास सोडला की खरा हात! हा क्रम सर्वांना पाठ असतो, तरी दचकायला होते. किंबहुना पाठ असतो म्हणूनच. मधेच विनोदी पात्र आणि चार गाणी लागत, कारण हे चित्रपट लहान गावांच्या जोरावर चालत आणि तिथल्या प्रेक्षकाला एका तिकिटात सारे जेवण हवे असे. मामा म्हणत, "भुताच्या पिक्चरला हिरो लागत नाही, पाऊस लागतो."

1984 साली 'पुराना मंदिर' आला. मी अकोल्यास कॉलेजात होतो. मामा दोन पास घेऊन आले, आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीने "मीच येतो" म्हणून हट्ट धरला. इथे भूत खरे होते. अनिरुद्ध अगरवालने साकारलेला उंच, विक्राळ सामरी. धड एकीकडे पुरलेले, शिर त्रिशूळ लावून पेटीत कोंडलेले. मरताना तो राजाला शाप देतो, की तुझ्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. थिएटरात शिट्ट्या चालल्या होत्या. जगदीपच्या विनोदावर मीही हसत होतो. आजी हसली नाही.

परतताना ती रिक्षात म्हणाली, "माह्या बहिनीले कोनाचा शाप व्हता रे?"

ही बहीण मी प्रथमच ऐकली. पूर्णाकाठच्या गावी दिलेली, पहिल्याच बाळंतपणात गेली. नदीला पूर, काळ्या मातीत बैलगाडी रुतलेली, डॉक्टर अकोल्याला. गावाने ती हडळ झाली असे ठरविले आणि मसणवाटेवर मोहरी फेकली, परत येऊ नये म्हणून. आजी तेव्हा बारा वर्षांची. "थे आली असती त म्या दार उघडलं असतं," ती म्हणाली.

मी गप्प राहिलो. उलट्या पायांची, मोकळ्या केसांची जी बाई पडद्यावर आली की आम्ही ओरडायचो, ती कुठून आली हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

2017 साली विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' पाहिला. उसाच्या फडातले एकाकी घर, गरोदर नायिका. साहित्य सारे जुनेच. पण भुतांपेक्षा भिण्याजोगी आहेत ती घरातली जिवंत माणसे. मला आजीची फार आठवण झाली. ती जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती.

त्या बहिणीचे नाव विचारायचे मात्र राहून गेले. त्या रात्री रिक्षातही आजीने तिला फक्त 'थे' म्हटले होते.