विद्युत् पूर्वेक्षण, खनिज शिरांचे
जमिनीत दडलेल्या खनिज शिरांचा माग त्यांच्या व भोवतालच्या खडकांच्या विद्युत् गुणधर्मांतील फरकावरून काढण्याची पद्धत (⟶ भूभौतिकी). रॉबर्ट वेअर फॉक्स यांनी १८३० मध्ये कॉर्नवॉलच्या खाणींतील धातुक शिरांत नैसर्गिक विद्युत् प्रवाह नोंदविले. कॉनराड श्लुंबर्जर यांनी १९१२ पासून जमिनीत प्रवाह सोडून विभव मोजण्याचे तंत्र घडविले. दोन विद्युत् अग्रांतून प्रवाह सोडून दुसऱ्या दोहोंमधील विभवांतर मोजतात. अग्रांमधील अंतर वाढविले की अधिक खोलीची माहिती मिळते. सलग पायराइट वा गॅलेनाची शीर कमी रोध दाखविते, गारेची जास्त. खनिजकण विखुरलेले असल्यास प्रवाह तोडल्यावर विभव किती सावकाश ओसरते, हे पाहावे लागते (⟶ प्रवर्तित ध्रुवण).

ग्रॅफाइट, ओली चिकणमाती व खारे भूजलही कमी रोध दाखवितात, म्हणून ही पद्धत बेभरवशाची, असा आक्षेप घेतला जातो. तो एकट्या मोजणीवरून काढलेल्या निष्कर्षापुरता खरा आहे, कारण उपकरण रोध मोजते, धातू ओळखत नाही. गुरुत्वीय मोजणीची जोड दिल्यास कमी घनतेचे ग्रॅफाइट जड धातुकापासून बरेचदा वेगळे काढता येते. स्फॅलेराइट सहसा मंदवाहक असल्याने केवळ जस्ताच्या शिरा मात्र निसटू शकतात. धातूचे प्रमाण वेधनातून काढलेल्या गाभ्याच्या रासायनिक परीक्षणानेच ठरते.