कोऱ्या सीडीवरचा कर

जिंतूरसारख्या गावात सीडीवर गाणी ‘मारून’ घेताना गायकाला काय मिळायचं? काहीच नाही. जर्मनीने १९६५ सालीच टेप रेकॉर्डरवर आणि १९८५ मध्ये कोऱ्या कॅसेटवर आकार बसवला. लोक घरी नक्कल करणारच, हे धरून ती रक्कम कलावंतांत वाटायची. तोटा एवढाच, की स्वतःचं भाषण टेप करणाराही तो भरतो.

आपण पोलिसांची वाट धरली. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट भंगाला ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड आला. २००९ मध्ये महाराष्ट्राने ‘व्हिडिओ पायरेट’ला हातभट्टीवाल्यांच्या, झोपडपट्टीदादांच्या एमपीडीए कायद्यात बसवलं. पण दंड सरकारजमा होतो. गायकाचा हात रिकामाच!