'फ्रूट्स बास्केट': एकाच मंगावर दोनदा ॲनिमे मालिका का काढावी लागली?

'फ्रूट्स बास्केट' ही जपानमधल्या गाजलेल्या मंगांपैकी एक. मंगा म्हणजे जपानी कॉमिक. या मंगावर २००१ मध्ये ॲनिमे मालिका आली आणि २६ भागांत संपली. पुढे १८ वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच मंगावर पहिल्या भागापासून पुन्हा नवी मालिका सुरू झाली. जुनी मालिका जिथे थांबली होती तिथून ती पुढे नेलेली नव्हती. सगळी गोष्ट नव्याने, नवे कलाकार आणि नवे दिग्दर्शक घेऊन सांगितलेली होती.

एका लोकप्रिय मालिकेला असं पुसून पुन्हा लिहावं का लागलं? पहिली मालिका खरंच इतकी वाईट होती का? आणि कॉमिकवरून केलेल्या मालिका चाहत्यांचा अपेक्षाभंग वारंवार का करतात?

(सूचना: या लेखात कथेतली महत्त्वाची रहस्यं उघड केली आहेत.)

मूळ गोष्ट काय आहे?

लेखिका-चित्रकार नात्सुकी ताकाया यांचा हा मंगा १९९८ ते २००६ या काळात 'हाना तो युमे' या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. मुली आणि तरुणींसाठीच्या अशा मंगांना जपानमध्ये 'शोजो' म्हणतात. संपूर्ण कथा २३ खंडांची आहे. २००१ मध्ये तिला शोजो विभागातला कोदान्शा मंगा पुरस्कार मिळाला.

नायिका आहे तोहरू होंडा. आईच्या अपघाती मृत्यूनंतर ही शाळकरी मुलगी तंबूत राहत असते. ती जागा सोमा नावाच्या श्रीमंत घराण्याची निघते आणि तोहरू त्यांच्यापैकी काहींसोबत राहायला जाते. तिथे तिला त्या घराण्याचं गुपित कळतं. या घरातल्या काही जणांवर चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांचा शाप आहे. परक्या स्त्रीने पुरुषाला किंवा परक्या पुरुषाने स्त्रीला मिठी मारली, की त्या व्यक्तीचं प्राण्यात रूपांतर होतं. युकीचा उंदीर होतो, शिगुरेचा कुत्रा होतो. हातोरीवर ड्रॅगनचा शाप आहे, पण प्रत्यक्षात त्याचा होतो चिमुकला समुद्रघोडा.

या बाराजणांच्या बाहेर एक तेरावा आहे. तो म्हणजे क्यो, मांजर. लोककथा सांगते की देवाने सगळ्या प्राण्यांना मेजवानीला बोलावलं, पण उंदराने मांजराला चुकीचा दिवस सांगितला. मांजराची मेजवानी हुकली आणि राशिचक्रातली जागाही गेली. सोमा घराण्यातही मांजराला कुणी आपलं मानत नाही.

मंगाचं नाव एका खेळावरून आलं आहे. मुलं गोल करून बसतात, प्रत्येकाला एकेका फळाचं नाव मिळतं आणि आपलं नाव पुकारलं की उठायचं. लहानपणी तोहरूला बाकीच्या मुलांनी फळाऐवजी 'ओनिगिरी' हे नाव दिलं होतं. ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका. फळांच्या टोपलीत भाताचा मुटका कोण पुकारणार? तोहरू आपलं नाव येईल म्हणून वाट पाहत बसून राहिली. आपली जागा नसलेल्या टोपलीत बसलेली ही मुलगी आणि मेजवानीला न पोहोचलेलं ते मांजर, ही या प्रेमकथेची खरी जोडी आहे.

२००१ च्या मालिकेत काय झालं?

पहिली मालिका स्टुडिओ डीनने बनवली. दिग्दर्शक होते अकितारो दाइची. त्याआधी 'कोदोमो नो ओमोचा' ही मालिका त्यांनी केली होती आणि वेगवान विनोदी हाताळणीसाठी ते ओळखले जायचे. जुलै ते डिसेंबर २००१ या काळात टीव्ही टोकियोवर २६ भाग दाखवले गेले.

अडचण अशी, की तेव्हा मंगा अर्ध्यावरही आलेला नव्हता. मालिकेला त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग वापरता आला. शेवटच्या भागांत क्योचं भयंकर 'खरं रूप' समोर येतं, तोहरू त्याला तशा अवस्थेतही स्वीकारते आणि मग ती घराण्याचा प्रमुख अकितो याच्यासमोर उभी राहते. एका संवादानंतर मालिका संपते. शाप तसाच राहतो. तोहरूचं प्रेम नेमकं कुणावर, हेही स्पष्ट होत नाही.

पुढचं सत्र येईल या आशेवर चाहते थांबले. ते कधीच आलं नाही.

नेमकं काय राहून गेलं?

पहिली उणीव साध्या मोजणीतच कळते. बारा प्राण्यांच्या या कथेत दोन प्राणी पडद्यावर आलेच नाहीत. घोड्याचा शाप असलेली रिन आणि कोंबड्याचा शाप असलेला कुरेनो ही दोन्ही पात्रं २००१ च्या मालिकेत नाहीत. मंगाच्या उत्तरार्धात शाप तोडण्याची धडपड रिन करते आणि शापाबद्दलचं एक मोठं गुपित कुरेनोकडे असतं. म्हणजे गाळलेली ही दोन पात्रं किरकोळ नव्हती.

दुसरी उणीव अकितोची. २००१ च्या मालिकेत अकितो हा आजारी, क्रूर तरुण आहे. मंगात बऱ्याच पुढे, सतराव्या खंडात कळतं, की अकितो ही स्त्री आहे. जन्मापासून तिला मुलगा म्हणून वाढवलं गेलं आणि यामागे तिच्या स्वतःच्या आईचा हट्ट होता. हे समजल्यावर तिचा राग, मत्सर आणि इतरांना बांधून ठेवण्याची तिची धडपड वेगळी दिसू लागते. २००१ च्या मालिकेत यातलं काहीच येत नाही. खलपात्राच्या वागण्याचं कारणच तिथे पोहोचलेलं नाही.

तिसरी उणीव सर्वात मोठी आहे आणि ती मिठीशी संबंधित आहे.

२००१ च्या मालिकेत मिठी मारली, की धुराचा लोट उठतो आणि माणसाचं जनावर होतं. हा मुख्यतः विनोदाचा प्रसंग आहे. मंगातही सुरुवातीला तो तसाच येतो. पण मंगा हा विनोद हळूहळू उलटा करत नेतो. आपल्या बाळाला कुशीत घेऊ न शकणारी आई त्यात येते. मोमिजी या सशाच्या आईने तर आपल्या मुलाच्या आठवणीच पुसून घेतल्या आहेत.

शेवटच्या खंडांत क्यो तोहरूला एक कबुली देतो. तिच्या आईचा अपघात झाला तेव्हा तो तिथेच होता. हात धरून तिला ओढलं असतं तर कदाचित ती वाचली असती. पण ओढताना ती अंगावर आली असती, भर रस्त्यात त्याचं मांजर झालं असतं, आणि त्या भीतीने त्याने हात पुढे केला नाही.

पहिल्या खंडात ज्या गोष्टीवर वाचक हसतो, तीच गोष्ट शेवटी नायकाच्या आयुष्यातला सर्वात मोठा अपराधभाव ठरते. शाप म्हणजे घराण्याने माणसावर ठेवलेला ताबा, आणि त्या ताब्यापायी माणूस आपल्याच माणसांना जवळ घ्यायला घाबरतो, हा मंगाचा गाभा आहे. पहिल्या एक तृतीयांश भागावर थांबलेल्या मालिकेत विनोद उरला आणि त्याचा अर्थ राहून गेला.

असं का होतं?

याचं उत्तर जपानी टीव्हीच्या वेळापत्रकात आहे. तिथे साधारण तीन महिन्यांचा, १२-१३ भागांचा एक टप्पा असतो. बहुतेक मालिका एक किंवा दोन टप्प्यांसाठी ठरवल्या जातात. २६ भाग म्हणजे दोन टप्पे. पैसा सहसा एकाच कंपनीचा नसतो. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, व्हिडिओ वितरक असे अनेक भागीदार मिळून 'निर्मिती समिती' बनवतात आणि प्रत्येकाला आपला माल खपायला हवा असतो.

प्रकाशकासाठी मालिका ही बहुतेकदा मंगाची जाहिरात असते. मंगा चालू असताना आणि चर्चेत असताना मालिका आणली तर नवे वाचक खंड विकत घेतात. मंगा संपेपर्यंत थांबलं तर तोपर्यंत लाट ओसरलेली असू शकते. त्यामुळे गोष्ट अर्धवट असतानाच मालिका सुरू होते.

मग मालिकेपुढे तीन वाटा असतात. मध्येच थांबायचं, नवं कथानक घालून वेळ काढायचा किंवा स्वतःचा शेवट लिहायचा. 'फ्रूट्स बास्केट'ने पहिली आणि तिसरी वाट एकत्र केली. थांबण्याची जागा मंगातून घेतली आणि समारोप स्वतः जुळवला.

मग सगळा दोष मालिकेचाच?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. २००१ ची मालिका आजही अनेकांना प्रिय आहे. रित्सुको ओकाझाकी यांच्या हळुवार गाण्यांनी तिला एक वेगळा सूर दिला. जपानबाहेर, विशेषतः अमेरिकेत, या मालिकेमुळे हजारो प्रेक्षक शोजो मंगाकडे वळले.

पुढचं कथानक अजून कागदावरच आलं नव्हतं, तेव्हा दिग्दर्शकाने ते दाखवावं अशी अपेक्षा करता येत नाही. मात्र शेवट माहीत नसताना मालिकेने जो सूर पकडला तो हसऱ्या, गोड कथेचा होता. पुढे मंगा अंधाऱ्या वळणावर गेला तेव्हा तो सूर अपुरा पडला. नंतर मंगा वाचणाऱ्या अनेकांना धक्का बसला तो यामुळेच. त्यांच्या आठवणीतली गोष्ट वेगळीच होती.

२०१९ मध्ये काय बदललं?

नोव्हेंबर २०१८ मध्ये नव्या मालिकेची घोषणा झाली. ताकाया यांची अट स्पष्ट होती. सगळं शून्यापासून करायचं, तंत्रज्ञ नवे आणि आवाज देणारे कलाकारही नवे. आपल्या जुन्या चित्रशैलीची हुबेहूब नक्कल करू नये, असंही त्यांनी सुचवलं होतं. मालिकेच्या मुख्य सल्लागार त्या स्वतः राहिल्या.

निर्मिती टीएमएस एंटरटेनमेंटने केली, दिग्दर्शन योशिहिदे इबाता यांचं आणि पटकथेची आखणी ताकु किशिमोतो यांची. २०१९ आणि २०२० मध्ये प्रत्येकी २५ भाग आणि २०२१ च्या अंतिम सत्रात १३ भाग, असे एकूण ६३ भाग झाले. गोष्ट पहिल्यांदाच शेवटापर्यंत पडद्यावर आली.

इथे एक तुलना बरंच काही सांगते. २०१९ चं पहिलं सत्र २५ भागांचं आहे आणि तेही साधारण त्याच ठिकाणी, क्योच्या खऱ्या रूपापाशी, टोकाला पोहोचतं. जुनी मालिकाही तितक्याच भागांत तिथेच पोहोचली होती. म्हणजे जुन्या मालिकेचा वेग चुकलेला नव्हता. फरक इतकाच, की नव्या लेखकांना शेवट माहीत होता. त्यामुळे अकितोच्या पहिल्या दर्शनापासून पुढच्या रहस्याच्या खुणा पेरता आल्या आणि विनोदी प्रसंगांनाही थोडी सावली देता आली.

गंमत म्हणजे इंग्रजी आवृत्तीत तोहरूच्या आवाजासाठी लॉरा बेली आणि क्योसाठी जेरी ज्युएल हे २००१ चेच कलाकार परत आले. जपानीत सगळं नवं, पण इंग्रजी प्रेक्षकांसाठी ओळखीचा धागा राखलेला.

दुसरी मालिका तरी परिपूर्ण आहे का?

नाही. अंतिम सत्राला १३ च भाग मिळाल्याने शेवटची वळणं घाईत उरकली, अशी तक्रार मंगाच्या वाचकांनी केली. युकी आणि माची यांच्या नात्याला मंगात मिळालेली जागा पडद्यावर आक्रसली. तोहरूचे आई-वडील क्योको आणि कात्सुया यांची गोष्ट तर मालिकेत गाळलीच गेली. ती पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या 'प्रील्यूड' या चित्रपटात आली.

इतर मालिकांचं काय?

रुमिको ताकाहाशी यांच्या 'इनुयाशा' या अद्भुतरम्य प्रेमकथेची मालिका १६७ भागांनंतर २००४ मध्ये अर्धवट थांबली. मंगा २००८ मध्ये संपला आणि २००९-१० मध्ये 'द फायनल ॲक्ट' या नावाने उरलेली गोष्ट पूर्ण झाली. 'फुलमेटल अल्केमिस्ट'च्या २००३ च्या मालिकेने स्वतःचा वेगळा शेवट लिहिला आणि २००९ मध्ये मंगाला धरून दुसरी मालिका सुरू झाली. पण अशी दुसरी संधी फार थोड्या कथांना मिळते. बहुतेक अर्धवट मालिका अर्धवटच राहतात आणि पुढचं जाणून घ्यायला मंगा वाचणं हाच मार्ग उरतो.

सुरुवात कुठून करावी?

फक्त गोष्ट पूर्ण कळायला हवी असेल तर २०१९ ची मालिका पहिल्या भागापासून पाहावी. ६३ भागांनंतर 'प्रील्यूड' पाहावा, आधी नाही. कारण त्यात मालिकेचा शेवट गृहीत धरलेला आहे. वेळ असेल तर मंगाचे २३ खंड वाचावेत, गाळलेलं सगळं तिथे आहे.

२००१ ची मालिका सर्वात शेवटी पाहिली तरी चालेल. पुढे काय घडणार आहे हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तिच्यातली मिठी आणि त्यानंतरचा तो धुराचा लोट आता तितका हसवत नाही.