वारेतलं औषध

जेम्स कॉलिप यांचं नाव इन्सुलिन शुद्ध करणारे म्हणून थोडंफार माहीत असतं. मला ते भेटले मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या, वाटेवर. या रोगात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी १९३० मध्ये बायकांच्या वारेतून ‘एमेनिन’ नावाचा अर्क काढला आणि १९३३ मध्ये पिट्युइटरीतून एसीटीएच. पुढे एमएसचं दुखणं उलटलं की एसीटीएचची इंजेक्शनं दिली जाऊ लागली. आज ती जागा मेथिलप्रेडनिसोलोनने घेतली आहे. एमेनिन मात्र अडगळीत गेलं. आणि त्यातलं मुख्य द्रव्य होतं इस्ट्रिऑल!

इस्ट्रिऑल ही चीज अजब आहे. एरवी बाईच्या रक्तात ते नावापुरतं असतं. दिवस गेल्यावर ते घडतं तेही एकट्या आईकडून नाही. कच्चा माल मुख्यतः बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी पुरवतात, बाळाचं यकृत त्यावर एक रासायनिक संस्कार करतं, मग वार त्याचं इस्ट्रिऑल बनवते. म्हणून तर एके काळी आईची चोवीस तासांची लघवी साठवून, त्यातलं इस्ट्रिऑल मोजून बाळाची खुशाली ठरवत. क्वाड्रुपल मार्करच्या रिपोर्टात ते आजही असतं. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीला परकं. तिला आवर घालायची तजवीज ते इस्ट्रिऑलच्या रूपाने स्वतःच करतं, असं मी बेधडक म्हणेन.

१९९८ मध्ये काँफाव्रो आणि सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या २५४ युरोपीय बायकांचा हिशेब मांडला. वर्षाला सरासरी ०.७ वेळा उलटणारं दुखणं शेवटच्या तिमाहीत ०.२ वर उतरलं, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत १.२ वर चढलं. वार पडली आणि पहारा उठला.

यावर आक्षेप असा की प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉलही त्याच सुमारास चढतात-उतरतात. खरंय. शिवाय ‘पोपार्टमस’ चाचणीत बाळंतिणींना प्रोजेस्टिन आणि इस्ट्राडायॉल देऊनही दुखणं उलटायचं थांबलं नाही. पण त्यात इस्ट्रिऑल कुठे होतं? उलट माझंच पारडं जड झालं.

लॉस एंजेलिसच्या रोंडा वोस्कुल यांच्या गटाने २००२ मध्ये मोजक्या बायकांना रोज ८ मिलिग्रॅम इस्ट्रिऑल दिलं. एमआरआयवर चकाकणारे ताजे डाग घटले. गोळी थांबवली, परत आले. पुन्हा सुरू केली, पुन्हा घटले. २०१६ मध्ये १६४ बायकांवरच्या चाचणीत ग्लॅटिरामर या एमएसवरच्या औषधाच्या जोडीला इस्ट्रिऑल दिलेल्या गटात दुखणं वर्षाला ०.२५ वेळा उलटलं, नुसत्या ग्लॅटिरामरवर ०.३७. पी-मूल्य आलं ०.०७७. संशोधकांनी आधीच आखलेल्या ०.१० च्या रेषेने पास, नेहमीच्या ०.०५ च्या रेषेने नापास.

एमएसवरचं मान्यताप्राप्त औषध म्हणून इस्ट्रिऑल अजून बाजारात नाही. माझ्या मते त्याचं कारण रोगात नाही, पेटंटमध्ये आहे. कॉलिप यांच्या काळापासून ठाऊक असलेल्या, रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर युरोपात सर्रास विकल्या जाणाऱ्या स्वस्त द्रव्याच्या मोठ्या चाचणीवर कुठली कंपनी पैसा ओतेल?