आधी खूण, मग टीप : पिनटकची कुळकथा

पिनटकमध्ये टीप मारणं हा सोपा भाग. खरी मेहनत त्याआधीची असते. कापडाला टाचणीएवढी बारीक घडी घालायची आणि तिच्या कडेने टीप मारून ती कायमची बांधून टाकायची, एवढंच हे काम. रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. एकटा टक थोडा तिरपा गेला तर चालून जातं; पण शेजारी शेजारी वीस टक असले आणि त्यातला एक अर्ध्या मिलिमीटरने सरकला, तरी नजर नेमकी तिथेच अडकते. म्हणून युरोपातल्या हातशिलाई करणाऱ्या बायका कापडातला एक धागा ओढून काढत, त्या जागी उमटलेल्या रेघेवर घडी घालून ती नखाने दाबत, आणि मग बारीक धावदोरा घालत. पुन्हा पुढची रेघ मोजायची. प्रत्येक टक आपल्या रुंदीच्या दुप्पट कापड खातो. दीड मिलिमीटरचे चाळीस टक म्हणजे बारा सेंटिमीटर कापड गेलं. त्यामुळे आधी टक घालायचे आणि कटिंग त्यानंतर, हा क्रम तेव्हापासूनचा.

एकोणिसाव्या शतकातले बाप्तिस्म्याचे लांब पांढरे झगे, परकर, आतले कपडे, ही या टकांची जुनी घरं. मुलांच्या कपड्यांवरच्या रुंद टकांना एक व्यवहारी कामही होतं : मूल वाढलं की टक उसवून झगा लांब करता येई. पिनटक मात्र शोभेसाठीच. रंग नाही, भरतकाम नाही. पांढऱ्यावर पांढऱ्याची सावली पाडायची, इतकंच. मला या कलेचं सगळ्यात मोठं मोल तिथेच वाटतं.

एलियस हाऊ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये शिलाई मशीनची पेटंटं घेतली. ॲलन विल्सनच्या दातेरी पट्टीमुळे कापड प्रत्येक टाक्याला सारखंच पुढे सरकू लागलं. हाताने सव्वाचौदा तासांहून अधिक वेळ घेणारा पुरुषी शर्ट मशीनवर सव्वा तासात होतो, असे आकडे व्हीलर अँड विल्सन या कंपनीने १८६०च्या सुमारास प्रसिद्ध केले होते. पिनटकला मात्र एवढ्याने दिलासा मिळाला नाही. टीप भराभर होऊ लागली, पण घडी कुठे घालायची हे दर वेळी मोजणं सुटलं नव्हतं.

ते सोडवलं एका छोट्या जोडाने, आणि या कुळकथेतला मानाचा पाट मी त्यालाच देईन. १८६०च्या दशकात अमेरिकेत टकाची खूण करणाऱ्या अशा जोडांची पेटंटं निघत होती. जोड मशीनच्या फुटापाशी बसवायचा. त्यावर दोन मापं : एक टक किती रुंद हवा याचं, दुसरं दोन टकांत किती जागा सोडायची याचं. सुईचा दांडा खाली आला की तो जोडाची तरफ दाबतो, आणि तरफेचं बोथट पातं कापडावर बारीक मोड पाडतं. म्हणजे चालू टकावर टीप पडत असतानाच पुढच्या टकाची रेघ आपोआप तयार. ती टीप संपली की त्या मोडीवर कापड दुमडायचं आणि पुन्हा सुरुवात. मोजणारं बोट, दाबणारं नख आणि ओढून काढलेला धागा, तिघांचं काम त्या पात्याने घेतलं.

सिंगर कंपनीने १८८९च्या पेटंटाची, चारी बाजूंनी उलगडणारी लाकडी पेटी मशीनबरोबर दिली, तेव्हा झालर घालणाऱ्या, पट्टी लावणाऱ्या जोडांच्या शेजारी टकाचा जोडही घरोघरी पोहोचला. आता वाचलेला वेळ कुठे गेला? तो टकांतच परत गेला. पूर्वी पाच टकांवर भागायचं, तिथे पंचवीस आले. १९०० ते १९१०च्या आसपासचे तलम लॉन कापडाचे पांढरे पोशाख पाहा : गळ्यापासून घोट्यापर्यंत पिनटक, मधे लेसच्या पट्ट्या, पुन्हा पिनटक.

तेच टक ‘शर्टवेस्ट’ नावाच्या तयार ब्लाउजच्या छातीवर आले आणि ते ब्लाउज न्यूयॉर्कच्या कारखान्यांत ढिगांनी शिवले जाऊ लागले. शिवणाऱ्या बहुतेक नव्याने आलेल्या ज्यू आणि इटालियन मुली. १९०९ मध्ये त्यांनी मोठा संप केला. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ माणसं गेली. एक दरवाजा बंद होता. त्या काळातल्या सुंदर ब्लाउजचं कौतुक करताना ही आग बाजूला ठेवता येत नाही.

१९२०च्या दशकात कपडे साधे, सरळ झाले आणि टक पुन्हा बाळांच्या झबल्यांकडे वळले. पुढचं वळण आलं ते वेगळ्याच दिशेने. स्वित्झर्लंडच्या स्टेकबॉर्नमध्ये कार्ल फ्रीडरिश गेगाउफ यांनी १८९३ मध्ये जाळीची शिवण घालणारं मशीन बनवलं होतं. त्याच घराण्याच्या बर्निनाने १९४५ मध्ये घरगुती झिगझॅग मशीन आणलं. झिगझॅगसाठी सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणून खालच्या पट्टीतलं भोक आडवं, रुंद लागतं. आणि त्या रुंद भोकातून जोडसुईही, म्हणजे एकाच देठावरच्या दोन सुया, जाऊ शकते.

जोडसुईच्या पिनटकमध्ये घडी नसतेच. वर दोन दोरे दोन समांतर टिपा घालतात, खाली बॉबिनचा एकच दोरा त्या दोघांमध्ये ये-जा करतो आणि कापड आत ओढतो. मधलं कापड वर फुगतं. टेन्शन वाढवलं तर उभार वाढतो. खालून बारीक दोरी सरकवली तर तो भरीव होतो. यासाठीच्या खास फुटाच्या तळाला पाच, सात किंवा नऊ खाचा असतात. झालेला टक एका खाचेत बसवला की पुढचा ठरावीक अंतरावरच पडतो. मोजणी पुन्हा मशीननेच उचलली. सुईवर २.०/८० असं लिहिलेलं असतं : दोन सुयांतलं अंतर दोन मिलिमीटर, आणि ८० हा जाडीचा क्रमांक.

घडीचा टक सरळच जातो, कारण घडी वळत नाही. जोडसुईचा टक वळतो. कमानी, लाटा, गोलाई, हे सगळं त्यानंतर शक्य झालं. हाताची नक्कल करायला निघालेल्या मशीनने हाताला जमत नव्हतं ते इथे करून दाखवलं. अमेरिकेत मार्था पुलेन यांनी जुन्या फ्रेंच हातशिलाईचं काम मशीनवर शिकवायला घेतलं, तेव्हा या खाचांच्या फुटाला नवं आयुष्य मिळालं.

घडीचा टकही मागे पडला नाही. क्युबा आणि मेक्सिकोतल्या ग्वायाबेरा शर्टावर उभ्या टकांचे पट्टे असतातच. २०१० मध्ये क्युबाने त्याला सरकारी समारंभांचा अधिकृत पोशाख ठरवलं. आपल्याकडच्या पायाने चालवायच्या काळ्या मशीनच्या पट्टीला छोटं गोल भोक असतं, जोडसुई त्यात मावत नाही. म्हणून कुर्त्याच्या छातीवरचे टक त्या मशीनवर घडी घालून, नखाने किंवा इस्त्रीने दाबून, कडेला टीप मारूनच होतात.

हातातला टक कोणत्या घराण्याचा, हे कपडा उलटा केला की कळतं. मागे सरळ टीप दिसली तर घडीचा. दोन टिपांमध्ये नागमोडी धावणारा एकच दोरा दिसला तर जोडसुईचा.