दट्ट्या आणि त्याचे घर

डिझेल इंजिनाचे नाव निघाले की रुडॉल्फ डिझेल आठवतो. परंतु ते इंजिन रस्त्यावर आणण्यात मोठा वाटा एका पंपाचा आहे. 1897 साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेल्या त्याच्या इंजिनात तेल आत लोटण्यास दाबलेली हवा लागे, आणि त्या हवेसाठी निराळा काँप्रेसर. एवढे लोढणे मोटारीच्या गळ्यात कोण बांधणार? 1913 मध्ये इंग्लंडच्या वाटेवर डिझेल बोटीवरून नाहीसा झाला, तेव्हाही हा प्रश्न पुरता सुटला नव्हता.

1922 मध्ये स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने हे काम अंगावर घेतले आणि 1927 मध्ये पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. त्यातील पोलादी दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावी लागते. तेथे रिंग नाही, रबर नाही. केवळ घोटलेल्या पोलादाने शेकडो वातावरणांचा दाब अडवायचा! दट्ट्याची धाव सदैव सारखीच. त्याच्या अंगावरील तिरकी कडा फिरवून तेल कमीअधिक करायचे. ही युक्ती मला तरी मूळ इंजिनाइतकीच तोलाची वाटते.

म्हणूनच असा पंप नव्याने बांधणारा कारागीर आधी धूळ पुसतो. एका घरातील दट्ट्या दुसऱ्या घरात घालणे त्याला वर्ज्य. झिजली की जोडीच बदलायची. मग चाचणीयंत्रावर पंप फिरवून प्रत्येक नळीतून पडणारे तेल काचेच्या मापांत धरतात. एखाद्या मापात कमी भरले, तर तो दट्ट्या किंचित वळवून पुन्हा मोजायचे. सर्व मापे समान भरली, की मगच पंप इंजिनावर चढतो.